चौकटीचं लाकूड कुठल्या जंगलातलं?

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपुरातून साग रवाना झाला आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचं नाव देशभर झालं. वखारवाल्यांना ते पूर्वीपासून ठाऊक होतं. आलापल्ली-बल्लारशाच्या मालाला बाजारात आजही ‘सीपी साग’ म्हणतात. जुन्या मध्य प्रांताची ती खूण. या सागाचं मोल त्याच्या वयात आहे. साठ-सत्तर वर्षं उभ्या असलेल्या झाडात गडद, तेलकट गाभा भरपूर असतो आणि वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या सागात बाहेरचं पांढरट लाकूडच फार. नव्या चौकटीला भुंगा लागला की लोक सुताराला बोल लावतात; पुष्कळदा दोष झाडाच्या कोवळेपणाचा असतो.

सरकारी जंगलातली तोड कार्यआयोजनेनुसार होते, लठ्ठ्यावर हातोड्याचा शिक्का पडतो, आगारात लिलाव होतो, वाहतूक परवाना मिळतो. लाकूड कुठून आलं याचा इतका स्पष्ट माग बाजारातल्या फार थोड्या मालाला असतो. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची एकजात लागवड केली. मोह, चारोळी, तेंदू, बेहडा यांच्यावर वर्षाचे काही महिने काढणाऱ्या आदिवासी कुटुंबांना त्या सागाचा काय उपयोग? कागद चोख असले, तरी असं लाकूड मला निर्मळ वाटत नाही.

जंगलतोडीच्या धास्तीने आपण घरातून लाकूडच हद्दपार करायला निघालो होतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली. ती २०२० मध्ये उठली. मधल्या काळात, १२ डिसेंबर १९९६ रोजी, गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्यआयोजनेशिवाय चाललेली वनतोड थांबवली. तो निर्णय अत्यावश्यक होता. पण दारं-खिडक्या लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकवर गेल्याने पर्यावरणाचा हिशेब मिटला नाही. हे सगळं बनवायला प्रचंड ऊर्जा लागते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात मात्र जवळपास निम्मा कार्बन असतो आणि चौकट टिकेल तितकी वर्षं तो घरातच राहतो.

शिवाय लाकडाची मागणी संपली नाही, ती समुद्रापार गेली. मुंबईच्या जुन्या चाळींचे जिने आणि तुळया ज्या ब्रह्मदेशातल्या सागाच्या होत्या, त्याने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. ‘अस्सल बर्मा टीक’ असं सांगून कुणी चौकट विकत असेल, तर तिच्या पैशातून कोण पोसलं जातंय हे विचारणं ग्राहकाचं काम आहे. कांडला बंदरात उतरणारा न्यूझीलंडचा पाइन निदान लागवडीचा असतो, पंचवीस-तीस वर्षांत तयार होणारा. तो मुख्यतः खोकी आणि सेंट्रिंगच्या कामी येतो. ‘मलेशियन साल’ स्वस्त चौकटींना सर्रास वापरतात. त्याच्या बिलावर बहुधा फक्त घनफूट आणि दर असतो.

माझ्या मते खरी आशा शेताच्या बांधावर आहे. कोकणातली घरं फणस, ऐन, किंजळ, शिवण यांवर उभी राहिली. खांब, तुळई, वासे, रिपा, सगळं आवाराच्या आसपासचं. ही झाडं मालकीची असूनही त्यांतली बरीचशी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात. तोडीची परवानगी मिळवताना शेतकरी मेटाकुटीला येतो, मग उभं झाड ठेकेदाराला मातीमोल विकतो किंवा नवं लावायचंच सोडून देतो. लावलेलं झाड सरळपणे विकता आलं, तर माणूस पुन्हा लावेल. बांबूच्या बाबतीत हे थोडं घडलं आहे. वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला, आणि २०१७ मध्ये केंद्राने वनकायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला.

पुण्यात वाडे पडतात तेव्हा निघणारा साग तर आधीच तोडलेला, पुरता मुरलेला. खिळे काढून, वाळवी तपासून तो पुन्हा चिरला, तर नव्या चौकटीसाठी त्याहून चांगलं लाकूड शोधायला जायला नको. बिल्डर तो घेत नाहीत, कारण त्यांना हजार चौकटी एकाच मापाच्या हव्या असतात.

लाकडाला प्रमाणपत्र देणारी एफएससी ही संस्था १९९३ पासून जगात आहे; डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने भारतीय वन व लाकूड प्रमाणीकरण योजनाही जाहीर केली, आणि तिच्यात वनाबाहेरच्या झाडांनाही जागा आहे. आता ती बांधावरच्या फणसापर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी म्हाडासारख्या मोठ्या ग्राहकाने निविदेतच अट घालावी: दाराचं लाकूड कुठल्या तालुक्यातलं, कुणाच्या जमिनीवरचं, हे बिलावर लिहिलेलं असेल तरच पैसे मिळतील.