उतारू नाहीत, की भरवसा नाही?

मुंबईत नवा लोहमार्ग सुरू झाला, म्हणजे पहिल्या दिवशी तोरणे व भाषणे यांस तोटा नसतो. पुढे जमाखर्चाचा प्रश्न निघाला, की ‘उतारूच येत नाहीत’ असे उत्तर मिळते. चेंबूरच्या मोनोरेलची कथा हीच आहे.

ही गाडी वडाळ्यापर्यंत फेब्रुवारी २०१४ मध्ये धावू लागली व मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. सुमारे २० किलोमीटरांचा मार्ग, १७ स्थानके. पण गाड्या मोजक्याच. नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्यांना आग लागली आणि सप्टेंबर २०१८ पर्यंत सेवा बंद राहिली. मार्गाची आखणी दाट रहदारीच्या वाटेने झाली नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. त्याच २०१४ सालची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो अंधेरी व घाटकोपर येथे जुन्या रेल्वेस मिळते, तिच्या गाड्या थोड्या थोड्या मिनिटांनी सुटतात, आणि तेथे गर्दी मावत नाही. परंतु आखणीच्या दोषावर गाड्यांच्या तुटवड्याची भर घालावी, हे कोठले शहाणपण?

१९ ऑगस्ट २०२५ रोजी अतिवृष्टीने हार्बर मार्ग बंद पडला व लोक मोनोरेलकडे लोटले. भार मर्यादेबाहेर गेला, गाडी मैसूर कॉलनी व भक्ती पार्क यांच्या दरम्यान अधांतरी अडली, आणि पाचशेंहून अधिक उतारूंना अग्निशामक दलाने शिड्या लावून उतरविले. ज्यांची अकरा वर्षे वाट पाहिली, ते उतारू आले त्याच दिवशी गाडीने हात टेकले! पुढे २० सप्टेंबरपासून नव्या गाड्या व नवी सिग्नलयंत्रणा यांकरिता सेवा थांबवावी लागली.

आमच्या व्यापारी वाचकांस यातील मर्म सांगावयास नको. जो दुकानदार मनास येईल तेव्हा दुकान उघडतो, त्याने गिऱ्हाईक नाही म्हणून रडू नये. पेढीस जशी पत, तसा गाडीस भरवसा. तो आधी गुंतवावा लागतो, उतारू हे त्याचे व्याज होय. गाडी चुकल्यास दुसरी लवकर मिळेल, अशी खात्री असल्यावाचून चाकरमाना आपली रोजची वाट बदलीत नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच, की कोणताही नवा मार्ग खुला करण्यापूर्वी राखीव गाड्यांची तजवीज व्हावी, पावसाळ्यातील गर्दीचा अंदाज बांधला जावा, आणि किती फेऱ्या वेळेवर झाल्या व किती रद्द झाल्या, याचा हिशेब दरमहा लोकांपुढे ठेवावा. पैसा लोकांचा आहे. हिशेब मागणे हा त्यांचा हक्क आहे.