विश्लेषण : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत ट्रेक कुठे संपतो आणि प्रस्तरारोहण कुठे सुरू होते?

सुट्टीच्या दिवशी जुन्नर तालुक्यातील जीवधन किंवा चावंडकडे निघणारे बहुतेक जण स्वतःला ट्रेकर म्हणवतात, गिर्यारोहक नव्हे. पायात बूट, पाठीवर सॅक आणि मोबाइलमध्ये वाटेचा नकाशा एवढी तयारी त्यांना पुरेशी वाटते. मात्र या किल्ल्यांच्या वाटेवर एक टप्पा असा येतो, की पाऊल टाकण्याआधी हात कुठे रोवायचा हे शोधावे लागते. त्या क्षणी ट्रेक संपलेला असतो आणि प्रस्तरारोहण सुरू झालेले असते. हा बदल वेळीच ओळखला नाही, तर साधी भटकंती जिवावर बेतू शकते. हा बदल नेमका कुठे होतो, तिथला कातळ कसा आहे आणि दोर माणसाला कसा वाचवतो, याचा हा आढावा.

जुन्नरच्या किल्ल्यांवर पायऱ्या तुटलेल्या का?

सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांतून येणारा माल नाणेघाटातून जुन्नरच्या बाजारपेठेत पोहोचत असे. या घाटावर आणि बाजारपेठेवर नजर ठेवणारे किल्ले म्हणजे जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. या किल्ल्यांवर जाण्यासाठी कातळात पायऱ्या खोदलेल्या होत्या. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी जीवधन आणि चावंडसारख्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. किल्ला पुन्हा कुणाला लढवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

त्याचा परिणाम आज दोनशे वर्षांनंतरही जाणवतो. जीवधनवर घाटघरच्या आणि नाणेघाटाच्या अशा दोन्ही बाजूंच्या वाटांवर कातळटप्पे आहेत. चावंडवर अवघड जागी रेलिंगचा आधार आहे. हडसरला कोरीव पायऱ्यांचा देखणा राजमार्ग असला, तरी दुसरी ‘खुंटीची वाट’ कातळात रोवलेल्या खुंट्यांच्या आधाराने चढावी लागते. शिवनेरीवरही सात दरवाजांच्या सोप्या वाटेखेरीज साखळीची वाट आहे. म्हणजे एकाच किल्ल्याच्या दोन वाटांची काठिण्यपातळी पूर्ण वेगळी असू शकते. ‘किल्ला सोपा आहे’ असे कुणी म्हटले, तर ‘कोणत्या वाटेने?’ हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

सह्याद्रीचा कातळ फसवा का?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातील ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. जुन्नरच्या कोणत्याही डोंगराकडे दुरून पाहिले, तर हा जिना दिसतो : उभा कडा, त्यावर गवताळ पट्टा, पुन्हा उभा कडा.

हे थर सारखे नसतात. काही थरांतला बेसॉल्ट घट्ट आणि टणक असतो. काही थरांत लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, तो खडक सच्छिद्र आणि तुलनेने लवकर झिजणारा असतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. शिवाय लाव्हा थंड होऊन आकसल्याने टणक खडकातही उभ्या भेगा पडलेल्या असतात. त्यामुळे हाताला भक्कम वाटणारा धोंडा प्रत्यक्षात चारही बाजूंनी सुटा असू शकतो. म्हणून अनुभवी प्रस्तरारोहक आधाराच्या दगडावर आधी ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला, तर त्यावर भार देत नाहीत.

गुलमर्ग किंवा औलीसारख्या ठिकाणी आखलेल्या उतारांबाहेर स्कीइंग करणारे असाच विचार बर्फाबाबत करतात. ते बर्फात खड्डा खणून थर तपासतात, कारण खाली कच्चा थर दडला असेल, तर वरचा अख्खा उतार घसरू शकतो. सह्याद्रीत बर्फ नाही, पण वरून पक्के दिसणारे आतून कच्चे असू शकते, हा धडा इथेही लागू पडतो.

वानरलिंगी आणि कोकणकडा : आव्हान किती?

जीवधनला खेटून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका खडा पारशी म्हणूनही ओळखला जातो. साडेतीनशे फुटांहून उंच असलेल्या या सुळक्यावर चालत जाण्याची वाटच नाही. इथे दोर, हार्नेस, हेल्मेट आणि प्रशिक्षित चमू यांना पर्याय नाही.

जुन्नरच्या उत्तर सीमेवरील हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात असला, तरी अनेक जण जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे तो गाठतात. गडाचा कोकणकडा आतल्या बाजूने वळलेला, अंतर्वक्र आहे. तिथून दोरावरून उतरताना खडक पायापासून दूर जातो आणि माणूस हवेत लोंबकळतो. जानेवारी २०२० मध्ये याच कड्यावरील रॅपलिंग मोहिमेदरम्यान ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. अनेक दशकांचा अनुभव असलेल्या माणसालाही कड्यावर गाफील राहण्याची मुभा नसते, याची जाणीव या घटनेने सगळ्या गिर्यारोहकांना करून दिली.

दोर नेमका वाचवतो कसा?

चढाईचा दोर ताणला जाणारा, म्हणजे ‘डायनॅमिक’ असतो. पडणाऱ्याला तो झटक्यात न थांबवता ताणला जातो आणि धक्क्याची ऊर्जा शोषतो. रॅपलिंगचा ‘स्टॅटिक’ दोर फारसा ताणला जात नाही. त्यावरून सावकाश उतरणे सुरक्षित असते, पण तो वापरून आघाडीची चढाई केली आणि पडायची वेळ आली, तर सगळा धक्का शरीरावर आणि अँकरवर येतो. हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी तर यातल्या कोणत्याच कामाची नाही.

पडण्याची तीव्रता मोजण्यासाठी ‘फॉल फॅक्टर’ वापरतात. जितके मीटर पडला, त्याला सोडलेल्या दोराच्या लांबीने भागायचे. समजा, एक जण खालच्या साथीदारापासून २ मीटर वर चढला आहे आणि मध्ये कुठेही दोर अडकवलेला नाही. तो निसटला, तर साथीदाराच्या खाली २ मीटर, म्हणजे एकूण ४ मीटर पडेल. फॉल फॅक्टर झाला ४ भागिले २, म्हणजे २. दुसरा जण १० मीटर वर आहे, पण त्याने ८ मीटरवरच्या बोल्टमध्ये दोर अडकवला आहे. तोही ४ मीटरच पडेल, मात्र फॉल फॅक्टर ४ भागिले १०, म्हणजे ०.४. पडण्याचे अंतर तेवढेच, पण धक्क्याच्या तीव्रतेचे गुणोत्तर पाचपट वेगळे. म्हणूनच चढाई सुरू होताच पहिला आधार लवकर अडकवणे महत्त्वाचे असते.

हे गणित जुळले, तरी शेवटी सगळा भार बोल्टवर येतो आणि बोल्ट खडकावर अवलंबून असतो. वर्षानुवर्षे पावसात गंजलेला जुना बोल्ट किंवा कुणीतरी सोडून दिलेला दोर आयताच मिळाला, म्हणून त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

उतरताना धोका जास्त का?

चढताना पुढचा आधार डोळ्यांसमोर असतो, उतरताना तो पायाखाली दडतो. त्यात पाय थकलेले, उजेड कमी झालेला आणि घरी परतण्याची घाई. कातळटप्पा उतरताना दरीकडे पाठ आणि खडकाकडे तोंड ठेवावे. एका वेळी हात-पायांपैकी तीन आधार पक्के असावेत आणि चौथाच हलवावा. पावसाळा सरल्यावर वाळलेले गवत आणि मुरमाचा घसारा ओल्या शेवाळाइतकाच निसरडा ठरतो.

रॅपलिंग मनोरंजनासारखे दिसते, पण त्यात माणसाचे संपूर्ण वजन पूर्ण वेळ दोर आणि अँकरवर असते. त्यामुळे अँकर एकापेक्षा अधिक असणे, दोराच्या टोकाला गाठ मारणे आणि उतरणाऱ्याला दुसऱ्या सुरक्षा दोराने जोडणे या किमान गोष्टी आहेत. केस, ओढणी किंवा सैल कपडे उतरण्याच्या उपकरणात अडकू नयेत, हेही पाहावे लागते.

आंबेगावच्या घाटवाटांवर वेगळा धोका कोणता?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डिंभे धरणामागे आहुपे आणि भीमाशंकरचा डोंगराळ भाग पसरला आहे. आहुपे घाटासारख्या वाटा इथून थेट कोकणात उतरतात. कर्जतकडून भीमाशंकरला येणाऱ्यांपुढेही दोन पर्याय असतात : लोखंडी शिड्यांचा अवघड शिडी घाट किंवा लांबचा पण सोपा गणेश घाट.

या पट्ट्यात मुसळधार पाऊस पडतो. खडकावर मातीचा जाड थर असेल आणि त्यात पाणी मुरत गेले, तर तो वजनाने खाली सरकतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. पावसाळ्यात घाटवाटांवर जाणाऱ्यांनी ही घटना विसरून चालणार नाही. ओढा काही मिनिटांत फुगतो आणि सकाळी ओलांडलेली जागा दुपारी बंद होते. कड्यावरून अचानक छोटे दगड येऊ लागले किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तिथून तातडीने दूर व्हावे. प्रस्तरारोहणासाठी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य मानला जातो.

कोरड्या हंगामातला एक धोका मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही : कड्यांवरची आग्या मोहोळे. शिवनेरीवर पर्यटकांवर मधमाश्यांचे हल्ले झाले आहेत. कड्याजवळ धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

नियम काय सांगतात?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार साहसी उपक्रम घेणाऱ्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. भीमाशंकर हे वन्यजीव अभयारण्य असल्याने तिथे वन विभागाचे नियम लागू होतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोकादायक ठिकाणी मनाईचे आदेश काढते, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा आदेश पाहावा. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या चमूने २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठले. त्याआधी सह्याद्रीत केलेली वर्षानुवर्षांची तयारी त्यामागे होती. शिकायचे असेल, तर अशा संस्थांचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. व्हिडीओ पाहून गाठ शिकता येते, पण तिच्यावर जीव सोपवण्याआधी ती कुणीतरी जाणत्याने तपासलेली असावी.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे? अडकल्यास काय करावे?

आयोजकाला चार प्रश्न जरूर विचारावेत. संस्थेची नोंदणी आहे का? किती जणांमागे किती प्रशिक्षित लीडर आहेत? कातळटप्प्यावर दोर लावणार का आणि हेल्मेट देणार का? कुणी जखमी झाले, तर खाली आणण्याची व्यवस्था काय? उत्तरे गोलमोल आली, तर ती सहल टाळलेली बरी.

वाट आणि परतीची वेळ घरी तसेच पायथ्याच्या गावात सांगून ठेवावी. अपघात झालाच, तर सर्वप्रथम पोहोचतात ते पायथ्याचे गावकरीच. वाट चुकल्यास अंधारात उतरण्याचा प्रयत्न करू नये, आहे तिथेच सुरक्षित जागी थांबावे. रेंज मिळाली, तर ११२ वर संपर्क साधावा. राज्यभरातील गिर्यारोहकांचे बचाव पथक समन्वय केंद्रही मदतीला येते. रेंज नसेल, तर एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी किंवा टॉर्च चमकवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. डोंगरातील हा आंतरराष्ट्रीय मदत-संकेत आहे. उत्तरादाखल मिनिटाला तीन संकेत मिळतात.

तुटलेल्या पायऱ्यांपाशी पोहोचल्यावर मात्र निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. दोर नसेल, खडक ओला असेल किंवा सोबतच्या एकाचे जरी पाय थरथरत असतील, तर तिथून माघारी फिरावे.