विश्लेषण : दंडातील बेटकुळी घसरली, तर खांदा का तपासायचा?

साठीच्या घरातील माणूस भरलेला गॅस सिलिंडर उचलतो आणि खांद्यात ‘कट्’ असा आवाज होतो. एक-दोन दिवसांत दंडावर काळे-निळे डाग पसरतात आणि बेटकुळी कोपराच्या दिशेने घसरून तिचा गोळा दिसू लागतो. कार्टूनमधल्या खलाशावरून डॉक्टर या गोळ्याला ‘पॉपाय’ म्हणतात. गंमत म्हणजे कित्येक महिने छळणारे खांद्याचे दुखणे यानंतर अनेकदा कमी होते. मग घरचेही निर्धास्त होतात आणि खांद्याची तपासणी राहून जाते. ती राहू नये, असे अस्थिरोगतज्ज्ञ का सांगतात?

दंडाचा खांद्याशी काय संबंध?

स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे टेंडन. बेटकुळीच्या स्नायूला, म्हणजे बायसेप्सला, वरच्या बाजूला असे दोन टेंडन असतात. आखूड टेंडन सांध्याच्या बाहेरच हाडाला चिकटतो. लांब टेंडन मात्र थेट खांद्याच्या सांध्यात शिरतो. वर तुटतो तो बहुतेक वेळा हाच.

याच सांध्याभोवती चार स्नायूंच्या टेंडननी बनलेले ‘रोटेटर कफ’ हे आवरण असते. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा जागेवर धरून ठेवणे आणि हात उचलायला, फिरवायला मदत करणे हे कफचे काम. बायसेप्सचा लांब टेंडन या कफच्या दोन टेंडनमधील फटीतून जातो आणि मग दंडाच्या हाडावरील खाचेत उतरतो.

म्हणजे दोघांचा शेजार अगदी भिंतीला भिंत लागून. कफचा पुढचा टेंडन, सबस्कॅप्युलॅरिस, वरच्या कडेला फाटला की बायसेप्सला खाचेत धरणारा आधार सैल होतो. रहाटाच्या चाकावरून घसरलेला दोर जसा कडेला घासून विरतो, तसेच मग इथे होते. वरचा टेंडन, सुप्रास्पायनेटस, मोठ्या प्रमाणात फाटला तर हाडाचा माथा वर सरकतो आणि बायसेप्सवर ताण येतो. उतारवयात हे दोन्ही टेंडन बऱ्याचदा बरोबरीनेच झिजतात. आधी कोण, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

तरुणांमध्ये किंवा खेळाडूंमध्ये जोराच्या झटक्याने एकटा बायसेप्सही तुटू शकतो. अमेरिकन फुटबॉलपटू जॉन एल्वे याच्या चेंडू फेकण्याच्या हाताचा बायसेप्स टेंडन १९९७ मध्ये तुटला. काही आठवड्यांत तो मैदानात परतला आणि त्याच मोसमाची सुपर बोल स्पर्धा त्याच्या संघाने जिंकली.

दुखणे थांबले, मग काळजी कशाची?

सुजलेला, विरलेला टेंडन हेच अनेकदा वेदनेचे मूळ असते. तो तुटला की ओढ संपते. म्हणूनच कफ शिवण्यापलीकडे गेलेला असेल, तर शल्यविशारद कधी कधी हा टेंडन मुद्दाम कापतात. फ्रान्सचे जिल वाल्श आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा ३०७ शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक रुग्ण समाधानी होते. आखूड टेंडन शाबूत असल्याने हाताची ताकदही फारशी जात नाही. स्क्रू पिळताना थोडा फरक जाणवतो, इतकेच.

कफचे तसे नाही. पूर्ण फाटलेला कफ आपोआप जुळत नाही. चीर वाढत जाते, स्नायू आक्रसतो आणि त्यात चरबी भरते. त्यानंतर टाके घातले तरी ताकद परत येईलच असे नाही. अर्थात वयानुसार पडलेल्या प्रत्येक चिरेला शस्त्रक्रिया लागत नाही; अनेकांचे व्यायामावर भागते. पण चीर केवढी आहे, हे आधी कळायला हवे.

फ्रोजन शोल्डर की कफ?

आपल्याकडे खांद्याच्या कुठल्याही दुखण्याला सर्रास ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटले जाते. त्यात दुसऱ्याने हात उचलला तरी तो अडतो. कफ फाटला असेल तर स्वतःला हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्याने धरून उचलल्यास तो बहुधा वर जातो. फडताळावरचा डबा काढता न येणे, त्या कुशीवर झोपल्यास रात्री ठणका लागणे, याही खुणा. बायसेप्सचे दुखणे खांद्याच्या पुढच्या बाजूला, तर कफचे बहुधा दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवते. सोनोग्राफीत हात फिरवताना बायसेप्स खाचेतून निसटतो का, हे दिसते. कफच्या स्नायूत चरबी किती भरली, हे एमआरआय नेमके दाखवते. नुसत्या एक्स-रेत टेंडन दिसत नाही. तेव्हा ‘फोटो नॉर्मल आला’ म्हणून मालिश सुरू करण्यात अर्थ नाही.

गोळा वर सरकला असेल तर?

बायसेप्स कोपराच्या बाजूलाही तुटतो, पण क्वचित. तेव्हा गोळा खांद्याकडे सरकतो आणि तळहात वर वळवण्याची ताकद बरीच घटते. त्याचा कफशी संबंध नसतो, पण तिथे थांबायला वेळही नसतो. शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते. पुढे टेंडन आक्रसून वर जातो.