धूर म्हणजे न जळलेले सरपण



जिनातील कापसाच्या धुळीने कामगाराची छाती भरते, म्हणून आम्ही ह्याच अंजनगावात वर्षानुवर्षे सभा घेतल्या, निवेदने दिली. घरी मात्र चूल फुंकता फुंकता आमच्या आईला कायमचा खोकला जडला. त्याबद्दल आम्ही एक शब्दही कधी उच्चारला नाही. धूळ मालकाची होती, धूर आमचाच होता. ही चूक पदरात घेऊनच आज चुलीविषयी बोलत आहोत.

धूर म्हणजे काय? लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. ज्योत असते ती ह्या वायूंची. त्यांना पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि जळावयास वेळ मिळाला, तर ते जळून जातात. ह्यांतील एक जरी उणे पडले, तरी तेच वायू धूर होऊन छपराकडे निघतात. म्हणजे धूर हे न जळलेले सरपण होय. तीन दगडांच्या चुलीत दहा पऱ्हाट्या घातल्या, तर भांड्याला जेमतेम एक-दीड पऱ्हाटीची ऊब लागते.

सुधारलेल्या चुलीत तळाला जाळी असते, म्हणून विस्तवाला खालून हवा मिळते. तोंड लहान असते, म्हणून थंड वारा आत घुसत नाही. पंख्याविना चालणाऱ्या सुट्या चुलीने किमान २५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी, असे भारतीय मानक आहे.

हा विचार परका नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्यास, मगनवाडीत, स्वातंत्र्याच्या सुमारास मातीची 'मगन चूल' तयार झाली. एकाच विस्तवावर ओळीने भांडी बसत आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जाई. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. कित्येक चुली त्याआधीच मोडल्या होत्या. चुली मोजल्या गेल्या. पण धुराडे तुंबल्यावर काढणार कोण आणि आमच्या भाकरीचा तवा तीवर बसतो काय, हे रांधणारीला क्वचितच विचारले गेले. पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी काढलेल्या 'आरती' संस्थेने निराळी वाट धरली : गावच्या कुंभारांनाच चुली घडविण्याचे शिक्षण दिले. दुरुस्त करणारा गावातच असला, म्हणजे चूल टिकते.

कोणी म्हणेल, २०१६ साली उज्ज्वला योजना आली, आता चुलीची चर्चा कशाला? गॅस उत्तमच, तो परवडेल तेथे चूल विझवावी. परंतु हंगामी कामगाराला काम असते तेव्हा सिलिंडर भरतो, आणि काम सुटले की पऱ्हाट्या-तुराट्यांचा भारा पुन्हा दारात येतो. घरगुती धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणून कोणतीही चूल घेण्यापूर्वी घरच्या बाईने तिची परीक्षा घ्यावी. सारखे सरपण तोलून, सारखेच पाणी जुन्या आणि नव्या चुलीवर उकळून पाहावे. मग भाकरी टाकून पाहावी. तिने नापसंत केली, तर कितीही शिक्के असोत, ती चूल परत करावी. कारखान्यात नवे यंत्र आले, तर ते चालविणाऱ्याला आधी विचारा, अशी आमची मागणी असते. स्वयंपाकघरातही न्याय तोच.