मुक्या जिवांचंही रेशन हवं

मराठवाड्याला चारा छावणी नवी नाही. 2019 च्या दुष्काळात छावणीतल्या मोठ्या जनावरामागे सरकार दिवसाला 100 रुपयांपर्यंत अनुदान देत होतं. वैरण नाही म्हणून शेतकऱ्यानं बैल मातीमोल भावानं विकू नये, हा त्यामागचा हेतू.

घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी अशी सोय क्वचितच दिसते. काम सुटलं, आजारपण आलं की त्यांच्या खाण्यावर गदा येते आणि शेवटी त्यांना सोडून दिलं जातं. जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडणं 1960 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणूनच परदेशांत अनेक प्राणी निवारे गरजू घरांना खाद्य देतात. जनावर आपल्या घरीच राहतं, निवाऱ्यातली जागा जखमी-बेवारस जिवांसाठी उरते.

परभणी, जिंतूर, सेलू अशा गावांत आपण हे सुरू करू शकतो. मोठी इमारत नको. निवाऱ्यातली एक कोरडी खोली, झाकणाचे डबे आणि एक रजिस्टर पुरे. फोडलेलं पाकीट घ्यायचं नाही. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खाद्य लवकर खवट होतं, म्हणून साठा थोडाच ठेवायचा. दहा किलोच्या कुत्र्याला महिन्याला साधारण पाच-सहा किलो कोरडं खाद्य लागतं, मांजराला दीड-दोन किलो. मांजराला कुत्र्याचं खाद्य कायम देऊ नये. त्यात तिला लागणारं टॉरिन पुरेसं नसतं. खाद्य देतानाच रेबीजची लस आणि नसबंदीची चौकशी करावी. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येईल.

वलीम्यातली उरलेली बिर्याणी मात्र वाटू नये. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी, शिजलेलं हाड आतड्यात रुततं. कुर्बानीच्या वेळी कच्ची कलेजी, फुप्फुसं कुत्र्यांपुढे टाकणं तर त्याहून घातक. त्यात जंतांच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात जंत वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून आपल्या घरात येतात आणि माणसाच्या यकृतात गाठी होतात. असे अवयव खोल पुरावेत. द्यायचंच तर बिनहाडाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं मटण द्यावं.

मदत मागायला येणाऱ्याला ‘स्वतःला खायला नाही, मग कुत्रा कशाला पाळला?’ असं कुणी विचारू नये. लाजेनं तो परत जाईल आणि उपाशी राहील तो मुका जीव. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी महिन्याला एकेक किलो खाद्य दिलं, तरी पाच-सहा मांजरांची सोय होते.