‘रनिंग फक्त 2,000, विकणे आहे’

सेकंड हँड गाड्यांच्या जाहिराती चाळल्या की एक गोष्ट खटकते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या पाच-सात वर्षं वापरून विकायला येतात. हिमालयन 450, केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर, एक्सपल्स या उंच अ‍ॅडव्हेंचर बाइक्सच्या जाहिरातींत मात्र वर्षाच्या आतल्याही सापडतात. ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, वेळ मिळत नाही म्हणून विकणे आहे.’ वाचणाऱ्याला वाटतं, पाणी कुठंतरी मुरतंय. गाडीत खोट असणार, नाहीतर ठोकलेली असणार.

हा संशय अगदीच हवेतून आलेला नाही. 2016 साली आलेल्या पहिल्या, कार्ब्युरेटरवाल्या हिमालयनबद्दल सुरुवातीला बऱ्याच तक्रारी झाल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी फ्युएल इंजेक्शनची आवृत्ती आली. ती कुजबुज अजून टिकून आहे. पण इंजिनावर आळ घेण्याआधी सीटची उंची बघावी.

भारतीय पुरुषाची सरासरी उंची 165 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साडेपाच फुटांना थोडी कमी. अशा माणसाच्या पायाची आतल्या बाजूची लांबी साधारण 75 सेंटिमीटर भरते. हिमालयन 450 ची सीट आहे 825 मिलिमीटरवर, आणि 2020 मध्ये भारतात आलेल्या 390 अ‍ॅडव्हेंचरची होती 855 वर. बुटाची जाडी धरा, वजनाने सस्पेन्शन दबतं तेही धरा, तरी चवडेच टेकतात. शोरूममध्ये सांगतात, ‘सर, सवय होते.’ चालत्या गाडीवर हे खरंच आहे. वेग घेतला की उंची विसरायला होते, उलट पुढचा रस्ता लांबवर दिसतो. घात होतो तो थांबताना. सोसायटीच्या पार्किंगचा ओला उतार, वळण तोकडं, समोरून कुणाची तरी कार आलेली. डावा पाय खाली जातो आणि नेमका त्या बाजूला खळगा. 196 किलोची गाडी थोडी कलली तोवर मांडीने सावरता येते. त्यापुढे ती आपली राहत नाही. गाडी आडवी होते, लिव्हर वाकतो, वॉचमन धावत येतो. खर्च फार नसतो, धास्ती मात्र बसते. मग यू-टर्न टाळणं सुरू होतं, ऑफिसला स्कूटर जाऊ लागते, आणि मागच्या सीटवर चढताना आईला किंवा बायकोला होणारा त्रास घरात रोज बोलला जातो. केटीएमने 2023 मध्ये 390 अ‍ॅडव्हेंचरची 830 मिलिमीटर सीटची वेगळी आवृत्ती काढली. अडचण फक्त ग्राहकाच्या मनातली असती तर कशाला काढली असती?

दुसरा समज असा, की लडाखला जायचं तर अशीच गाडी लागते. मनाली-लेह रस्त्यावरून बुलेट तर सोडाच, स्प्लेंडर आणि स्कूटरही गेल्या आहेत. खारदुंग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, तिथे सगळ्याच इंजिनांना धाप लागते. स्पितीच्या दगडगोट्यांत किंवा नाल्यातून जाताना 21 इंची पुढचं चाक आणि 200 मिलिमीटरचं सस्पेन्शन कामाला येतं, यात वाद नाही. (आमच्या कोकणातल्या रस्त्यांवरही येतं, पण ते कंपन्या जाहिरातीत दाखवत नाहीत.) प्रश्न पंधरा दिवसांचा नसून उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा आहे. घोडबंदर रोडवर सिग्नलला अडकलं की रेडिएटरचा पंखा गरम हवा पायांवर सोडतो, तेव्हा खारदुंग ला आठवत नाही.

काहीजण तर मोहिमेपुरतीच गाडी घेतात. त्यांना धरसोडे म्हणणं मला पटत नाही. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या लडाखमध्ये फिरवायला तिथल्या व्यावसायिकांचा विरोध असतो. त्यामुळे घरापासून घरापर्यंत एकाच गाडीवर जायचं तर ती स्वतःची हवी. विकताना पडणारा फरक ते मोहिमेच्या खर्चातच धरतात.

तो फरक किती, याबद्दलही गैरसमज आहेत. ‘वर्षही झालं नाही, पाच-दहा हजार कमी करू’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळत नाही. समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत 3 लाख आहे. महाराष्ट्रात 299 सीसीच्या वरच्या दुचाकीला 12 टक्के एकरकमी कर, म्हणजे 36,000. वर नोंदणी आणि विमा. विकत घेणारा हे पैसे मोजायला तयार नसतो, तो एक्स-शोरूमपासून खाली मोजत येतो. विम्याच्या हिशेबातही सहा महिने ते वर्षभराच्या गाडीची किंमत 15 टक्के कमी धरतात, म्हणजे 2 लाख 55 हजार. वापर 2,000 किलोमीटरचा असला तरी मोठा तुकडा गेलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या गाड्यांचा कर 31 टक्क्यांवरून 40 वर गेला. ज्यांची शोरूममधली किंमत त्यामुळे चढली, त्यांच्या आधीच्या मालकांना थोडं बळ मिळालं, एवढंच.

पेट्या, क्रॅश गार्ड, जादा दिवे यांचे पैसे वसूल होत नाहीत. ते काढून वेगळे विकावेत.

घेणाऱ्याच्या बाजूचा मोठा गैरसमज म्हणजे रनिंग कमी तर गाडी उत्तम. आठ महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, साखळीला गंज चढतो, एकाच जागी दबून टायर सपाट पडतात. पहिली सर्व्हिस किलोमीटर किंवा दिवस यांपैकी जे आधी भरेल त्यावर असते. ‘पाचशेच चालली’ म्हणून ती चुकवलेली असते आणि वॉरंटीचा वाद तिथेच सुरू होतो. नियमित चाललेली, वेळेवर सर्व्हिस झालेली 9,000 किलोमीटरची गाडी मी आधी बघेन. आडवी झालेली गाडी ओळखणंही अवघड नाही: हँडलची टोकं, फूटपेगच्या कडा, लिव्हरचं टोक बघावं. एका बाजूला ओरखडे असले की ती बहुधा उभ्याउभ्या पडलेली. त्याने बिचकू नये. हँडल वाकडं आहे का, फोर्कमधून तेल गळतंय का, एवढं तपासावं.

विकणाऱ्याला मात्र वाटतं की फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, चावी दिली, की सुटलो. आरटीओच्या दफ्तरात नाव बदलेपर्यंत मालक तोच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं आहे. नवी गाडी बहुधा हप्त्यावरची असते, म्हणून आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असेल तर फॉर्म 28 ची एनओसी वेगळी. एजंट म्हणेल, ‘साहेब, तुम्ही जा, मी बघतो.’ नव्या मालकाच्या नावाची आरसी हातात किंवा ऑनलाइन दिसेपर्यंत त्याच्या मागे लागावं, नाहीतर विकून वर्ष झालेल्या गाडीची ई-चलानं आपल्याच मोबाइलवर येत राहतात.