‘चावी’चें कुळ

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यांत कुलूप उघडण्याच्या वस्तूस कोणी ‘किल्ली’ म्हणतो, कोणी ‘चावी’. एखाद्या घरांत तेवढ्यावरून वादहि जुंपतो. एक पक्ष ‘चावी’ परकी म्हणून घराबाहेर काढूं पाहतो. दुसरा तिला ओढूनताणून संस्कृत धातु चिकटवितो. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी दोन्ही पक्षांस आमचें अनुमोदन नाहीं. चावी काढावयाची, तर कुलूपहि काढावें लागेल. तें अरबी ‘कुफ्ल’. आणि गीर्वाणवाणीस दत्तक लेकरांची गरज नाहीं.

‘चावी’ आली पोर्तुगिजांकडून. मूळ लॅटिन शब्द ‘क्लाविस’. त्याचें फ्रेंचांत ‘क्ले’ झालें, स्पॅनिशांत ‘यावे’, पोर्तुगिजांत ‘चावे’. हा योगायोग नव्हे. पावसास लॅटिन ‘प्लुविया’, स्पॅनिश ‘युव्या’, पोर्तुगीज ‘चुवा’. ज्वाळेस ‘फ्लाम्मा’, ‘यामा’, ‘चामा’. असा नियम दाखवितां येईल तेव्हांच व्युत्पत्ति म्हणावी.

आतां मौज पाहावी. लिस्बनकडे हा ‘च’ पुढें ‘श’ झाला. आज तेथील मनुष्य ‘शाव’ म्हणतो. उत्तर पोर्तुगालच्या कांहीं भागांत तेवढा जुना उच्चार टिकला आहे. तारापुरावर पोर्तुगिजांचा अंमल दीडशें वर्षांहून अधिक होता, आणि शब्द आला तो जुन्या उच्चारासह. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला घेतला, मे महिन्यांत वसई पडली. धनी गेले, त्यांच्या पूर्वजांचा चकार मात्र आमच्या गृहिणींच्या कमरेच्या जुडग्यांत राहिला!

‘किल्ली’ ही किल्ल्याची लेक, असें मुलें समजतात. तसें नाहीं. किल्ला अरबी, किल्ली ही संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, खिळा, याच्या गोत्रांतली. लॅटिनांतहि ‘क्लाविस’च्या सख्ख्या नात्यांत ‘क्लावुस’ आहे, आणि त्याचा अर्थ खिळाच. दाराचा अडसर म्हणजे मुळांत एक खुंटी. तेव्हां दोन्हीं देशांत एकच कल्पना सुचली, यांत नवल नाहीं.

‘क्लाविस’ची इतर लेकरेंहि दूरवर पसरलीं आहेत. गळ्याखालच्या हाडास डॉक्टर ‘क्लॅव्हिकल’ म्हणतात, म्हणजे लहानशी चावी. नवा पोप निवडावयास रोमांत कार्डिनल मंडळी दार लावून बसते, त्या सभेचें नांव ‘कॉन्क्लेव्ह’. त्याचा मूळ अर्थ चावीनें बंद होणारी खोली.